दोघांनी चालायची चाल

यवतमाळची द्वारका भोयर खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. काम एकच, दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. २००७ साली ती विश्रांतवाडीहून दोन बस बदलून कोथरूडला शौनक परचुऱ्यांच्या क्यूबन नाचाच्या क्लासला जायला लागली. जोड्या गोल करून उभ्या राहायच्या, सर चालीचं नाव ओरडायचे, की सगळ्यांनी ती चाल करायची. 'पासेआला' म्हटलं की पुरुष जागेवर थांबायचा आणि बाई त्याच्याभोवती चालून यायची. द्वारकाला ते मळणीच्या बैलासारखं वाटायचं.

मग कंपनीनं तिला पाच महिने माद्रिदला पाठवलं. तिथं रविवारी नाच शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या क्यूबन माणसानं तिची ती चाल पाहिली आणि कपाळाला हात लावला. या शब्दाचा अर्थ 'हिला फिरवून आण', तो म्हणाला. जुन्या नाचघरांत नाच मध्येच थांबवून जोड्या हातात हात घालून फेरी मारायच्या, त्यातूनच ही चाल आली, असं त्याची आई सांगायची. कुणी बाईचा हात खांद्यावरून नेतो, कुणी कमरेमागून, कुणी उलट्या पावली जातो. पण चालतात दोघं.

पुण्याला परतल्यावर तिनं क्लासमध्ये आपल्या जोडीदाराला, योगेशला, सोबत चालायला लावलं. सरांनी गाणं बंद केलं.

"हे काय चाललंय?"

"सर, यात दोघंही चालतात. मूळ चाल तशीच आहे. माद्रिदला एक म्हातारे क्यूबन..."

"म्हातारे काय, काहीही सांगतात. आमचे आजोबा पेशव्यांच्या पंगतीला जेवल्याचं सांगायचे."

सगळे हसले.

"पण करून पाहायला काहून नाही म्हणता?"

"काहून!" सरांनी तो शब्द मेलेल्या झुरळासारखा चिमटीत उचलला. "आधी 'का' म्हणायला शिका. क्यूबाचं मग बघू."

सरांची बायको कादंबरी सगळ्यांत मोठ्यानं हसली. सहा वर्षं तीच क्लासमध्ये त्यांच्याभोवती फिरून दाखवत होती.

द्वारकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही कुणाकडे शिकलात, सर?"

"ते विचारायचं तुम्हाला कारण नाही."

पुढच्या आठवड्यात दारावर कागद चिकटवलेला होता: 'परदेशी जाऊन आलेल्यांनी आपले ज्ञान चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावे. हुकमावरून.' द्वारकानं तो दोनदा वाचला. आतून योगेशचं हसणं ऐकू आलं. ती तशीच पायऱ्या उतरली.

तिनं विश्रांतवाडीत एका सोसायटीचा हॉल घेऊन स्वतःचा क्लास काढला. पहिले दोन महिने चारच माणसं होती. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी कादंबरी दारात उभी राहिली.

"मी तुमच्या बाजूची आहे असं समजू नका," ती म्हणाली. "शौनक दोन दिवसांचा वर्ग करून आला, तेवढंच त्याला येतं. मला ती चाल नीट शिकायची आहे."

"तुम्ही हसला होतात."

"हो."

माफीबिफी तिनं मागितली नाही. द्वारकानंही तिला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. तिचा हात धरला, जरा जास्तच घट्ट, आणि म्हणाली, "डावा पाय आधी."