समुद्र राहूनच गेला

"डोळे मिटा, सर. मी म्हणंन तवाच उघडायचे."

असं म्हणून तो गाडी थांबवायचा, आणि तीही जे बघायचं त्याच्या चांगली शंभर पावलं अलीकडे. मग माझं मनगट धरून वाळूतून चालवत न्यायचा. बुटांत वाळू जायची, पोटऱ्या भरून यायच्या. मी वैतागून विचारायचो, "अजून किती?" तो म्हणायचा, "लई घाई करता तुम्ही. डोळ्याला जरा सबर शिकवा." वाटाडे तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. आपण गाडीतून उतरायच्या आत त्यांची पोपटपंची सुरू झालेली असते. आधी डोळे मिटायला लावणारा मला हा एकच भेटला.

मी तेव्हा शेंद्र्याच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायच्या कामावर होतो. कंपनीनं मला ओमानच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरगावी पाठवलं. मी पोचलो, पण यंत्राची पेटी वाटेत कुठंतरी अडकली आणि चार दिवस हातावर हात धरून बसायची वेळ आली. हॉटेलवाल्यानं एक खासगी गाडीवाला वाटाड्या गाठून दिला. पांढरा लांब झगा, डोक्यावर नक्षीची टोपी. मी त्याला पक्का अरब समजून अर्धा तास मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत होतो. शेवटी त्यानं गाव विचारलं. औरंगाबाद म्हटल्याबरोबर त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"मी सोयगावचा! मग इतका वेळ इंग्रजीत कशाला दमवलं मला?"

डोळे मिटण्याची ही रीत त्यानं अजिंठ्याच्या लेण्यांतून आणली होती. तिथं दिवे यायच्या आधी त्याचे वडील आणि पुढे तो स्वतः उजेड दाखवायचं काम करत. एकानं बाहेर आरशावर ऊन धरायचं आणि आत पाठवायचं, दुसऱ्यानं ते पांढऱ्या कापडावर झेलून चित्रावर सोडायचं. उन्हातून आत आलेल्या माणसाला आधी काहीच दिसत नाही. तो उगाच डोळे चोळतो आणि कुरकुरतो. म्हणून हे त्याला डोळे मिटून उभं करत, आणि उजेड बरोबर चित्रावर बसला की म्हणत, "आता." पुढे दिवे आले आणि आरसा घरी गेला. हा गाडी चालवायला शिकला आणि आखातात आला. आरसा मात्र त्याच्या गाडीच्या कप्प्यात अजून होता. एका कपारीत त्या आरशानंच ऊन पाठवून त्यानं मला दगडात रुतलेले शिंपले दाखवले.

तिसऱ्या दिवशी त्यानं मला असंच चालवत नेलं. आधी वारा लागला, मग ओठांवर मीठ आलं, मग पायाखालची वाळू थंड झाली. "आता," तो म्हणाला. डोळे उघडले तर डोंगराएवढी पांढरी वाळू सरळ निळ्या पाण्यात उतरत होती. मधे झाड नाही, दगड नाही, काही नाही. मी टँकरच्या रांगेत वाढलेला माणूस, एवढं पाणी माझ्या हिशेबातच बसेना.

मग तो म्हणाला, "अम्मीला दाखवायचा होता हा. तिनं जळगावच्या पल्याड काही पाहिलं नाय. आता तर डोळेबी गेले. उजेड हाय का अंधार, एवढंच कळतं."

"फोनवर सांगायचं की," मी म्हणालो.

"सांगतो ना! मी समुंदर म्हणलं की ती विचारते, जेवला का. मग भाजी काय होती, भात गरम होता का. समुंदर राहूनच जातो." तो हसला. "तुम्ही पाहिलाय. तुम्ही सांगा तिला. पण माझ्यासारखं सांगा. आधी वारा, मग मीठ, मग थंड वाळू. मग तिचा हात पाण्यात बुडवा, आणि म्हणा, आता."

त्यानं पिण्याच्या पाण्याची रिकामी बाटली समुद्राच्या पाण्यानं भरली. प्लास्टिकच्या पिशवीत वाळू बांधली. "डोळे मिटा म्हणायची गरजच नाय तिला," असंही म्हणाला. मी दोन्ही वस्तू घेतल्या आणि शब्द दिला.

परत आल्यावर मी काय केलं ते सांगायला आजही जीभ अडखळते. काहीच केलं नाही. सोयगाव काही सातासमुद्रापलीकडे नव्हतं, सकाळच्या एसटीनं निघालं की दुपारपर्यंत माणूस पोचतो. पण या रविवारी पाळी, पुढच्या रविवारी लग्न, त्याच्या पुढच्या रविवारी नुसता कंटाळा. शेवटी कारखान्यातला एकजण सोयगावकडे निघाला होता, त्याच्या हाती बाटली दिली. "त्यांच्या मुलानं पाठवलीय, एवढं सांग," म्हणालो. वाळूची पिशवी कपाटात होती, ती द्यायची विसरलो.

त्याच आठवड्यात ओमानहून त्याचा फोन आला.

"सांगितलं का, सर?"

"हो, सांगितलं."

"हात बुडवला तिचा?"

"बुडवला."

"काय म्हणली?"

"हसल्या," मी म्हणालो. खोटं इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. पलीकडे तो किती वेळ नुसता "अच्छा, अच्छा" म्हणत राहिला.

ते "अच्छा" काही मला स्वस्थ बसू देईना. दोन महिन्यांनी मी सोयगावला गेलो. म्हातारी ओसरीवर बाजेवर बसली होती. मुलाकडून आलोय म्हटल्यावर तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"बस बेटा. माझ्या लेकानं जमजम पाठवला, मालूम हाय का?"

मला काहीच कळेना. मग तिनं सांगितलं. अरबांच्या मुलखातून पाणी आलंय आणि बाटलीवर अरबी अक्षरं आहेत. लेकानं मक्केहून विहिरीचं पवित्र पाणीच पाठवलं, दुसरं काय असणार? सगळी गल्ली गोळा झाली. पश्चिमेकडं तोंड करून, उभं राहून प्रत्येकानं एकेक घोट घेतला.

"जरा खारट लागला," ती हळूच म्हणाली. "पण अल्लाची चीज हाय. तोंड वाकडं कसं करायचं? फोनवर लेकाकडं जमजमचं नावच काढलं नाय मी, खारट लागला ते तोंडातून निघायचं."

उरलेलं पाणी हिरव्या कापडात गुंडाळून फळीवर ठेवलं होतं. अखेरच्या वेळी तोंडात घालायला. मी त्या फळीकडे बघत राहिलो. खरं सांगायला तोंड उघडलं, पण तिच्या चेहऱ्यावरचं समाधान मोडवेना. निदान समुद्र तरी सांगू म्हणून सुरुवात केली. "अम्मी, आधी वारा लागतो..."

"वारा लई असतो का तिकडं? अंगावर घेतो का काही? जेवतो का येळेवर?"

मी भाजीचं सांगितलं, भाताचं सांगितलं. तिनं मलाही जेवू घातलं. पाच वाजताची एसटी गाठायची होती, मी उठलो. समुद्र राहूनच गेला.

थंडीत ती गेली. त्याला माती द्यायलाही पोचता आलं नाही. चार दिवसांनी त्याचा फोन आला.

"सर, अम्मीच्या तोंडात जमजम घातला म्हणतात. मी पाठवला होता म्हणतात. मी तर जमजम कधी पाठवलाच नाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही तर तिचा हात बुडवला म्हणले होते."

त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "बरं, सर," आणि फोन ठेवला. मग मीच अनेकदा लावला. आधी नुसताच वाजायचा, पुढे नंबर बंद झाला. त्या बंदरगावी गेलेल्या एका ओळखीच्याकडून चौकशी केली, तर हॉटेलवाला म्हणाला की तो गाडी विकून दुसरीकडे गेला. कुठं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

ती वाळूची पिशवी अजून माझ्याकडे आहे. घरात कुणी नसलं की मी ती परातीत ओततो, डोळे मिटतो आणि हात आत घालतो. वाळू थंड लागते. मी तसाच बसून राहतो. "आता" म्हणणारं कुणी नसतं, मग माझे मीच डोळे उघडतो आणि वाळू परत पिशवीत भरतो.