सॅक्सोफोनचं दावं

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या बँडला वाटलं, आता आपले दिवस आले. उस्मानाबादेला खेटे घालायचे वाचले, तहसीलदाराच्या वर कलेक्टर आला, साहेब लोक आले आणि साहेब लोकांच्या मुली लग्नाच्या झाल्या. पाणी मात्र तालुक्याला होतं तेवढंच जिल्ह्याला राहिलं, आणि पुढं दुष्काळ पडला तेव्हा तर तेवढंही नव्हतं. वरात ठरवताना आमची पहिली अट पाण्याची असे: प्रत्येक वादकाला एक तांब्या. कोरड्या तोंडानं कुणाला फुंकता येत नाही.

साहेब लोकांची अडचण अशी, की त्यांनी नांदेडचे बँड ऐकलेले. त्यात पुढं सोप्रानो सॅक्सोफोन असायचा. क्लॅरिनेटसारखा सरळ, पण पितळी आणि आवाजाला गोड. एका हेडक्लार्कनं मुलीच्या लग्नाची सुपारी दिली ती याच अटीवर. आमच्याकडं सोप्रानो नव्हता. आप्पा, म्हणजे माझे वडील आणि बँडचे मालक, म्हणाले, "आणतो." जाता जाता असंही म्हणाले, की जो सोप्रानो वाजवील त्यानं पुढं उभं राहायचं.

मी नऊ वर्षं मोठ्या ढोलाच्या मागं तिसरी क्लॅरिनेट वाजवत होतो. ढोलामागच्या माणसाला फक्त ढोल दिसतो, आणि तो स्वतः कुणालाच दिसत नाही. मला पुढं जायचं होतं. इतकं मला दुसरं काहीच नको होतं, स्वतःचं लग्नसुद्धा.

नांदेडला दुकानात नवा होता. मेरठहून आलेला, निळ्या मखमलीच्या पेटीत झोपवलेला. मी फुंकला, तो वाजला. मी म्हणालो, हाच घेऊ. आमचं मूळ गाव देवणीकडचं, आणि आप्पा जन्मात बैल सोडून कशाचीच पारख शिकले नव्हते. त्यामुळं शिलाई मशीन, सून आणि सॅक्सोफोन यांना त्यांची परीक्षा एकच. "गोऱ्हा हाय," ते म्हणाले. "जू म्हाईत न्हाई त्याला. भर वरातीत बसकण मारंल." ही मालाची निंदा की स्तुती हे दुकानदाराला कळलं नाही. त्यानं चहा मागवला.

जुना एका म्हाताऱ्याकडं होता. नांदेडच्या एका बँडात पुढं उभं राहण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. मुलगा पाटबंधारे खात्यात लागला. त्या वर्षी त्या खात्याला बांधायला पाणीच नव्हतं, पण नोकरीला अब्रू होती, आणि बापानं रस्त्यावर वाजवलेलं मुलाला चालेना. म्हणून विकायचा. पितळ काळवंडलेलं, एका चावीला रबर बांधलेलं. आप्पांनी पाठीवरून हात फिरवला, तोंडात डोकावून बघितलं आणि म्हणाले, "चालवून दावा." म्हातारा उमरीकडच्या खेड्यातला, बैलबाजार बघितलेला. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. तो उठला, वाजवत गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि वाजवतच परत आला. "आप्पा, घ्या," मीच म्हणालो. मखमल विसरलो होतो.

दोघांनी टॉवेलाखाली हात घालून बोटांवर सौदा केला. किती ठरलं ते मला आजतागायत माहीत नाही. म्हाताऱ्यानं वाद्याला हळदकुंकू लावलं. मग वरचा माउथपीस, म्हणजे तोंडात धरून फुंकायचा काळा भाग, पिळून काढला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

"मामा, ते राहिलं," मी म्हणालो.

"दावं आमच्याकडंच ऱ्हातंय," तो म्हणाला.

आमच्याकडं जनावर विकणारा दावं देत नाही. जनावर जातं, दावं गोठ्यात राहतं, म्हणजे गोठा रिकामा होत नाही. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं; विकणाऱ्याचं मागायचं तर मुळीच नाही. दोघांपैकी एकाला तरी आठवेल की हा बैल नाही, म्हणून मी थांबून राहिलो. आप्पांनी मान डोलावली. "हाव, बरोबर हाय."

अशा रीतीनं आम्ही तोंड नसलेला सॅक्सोफोन घेऊन एसटीनं लातूरला आलो. क्लॅरिनेटचा माउथपीस दोरा गुंडाळून बसवला आणि फुंकून बघितला. शेजारीण विचारायला आली, म्हैस कधी घेतली. नांदेडच्या दुकानदारानं कळवलं, सुटा माउथपीस मिळत नाही, सबंध सॅक्सोफोन घ्या. लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा मी आप्पांना न सांगता नांदेडची गाडी धरली.

म्हातारा अंगणात बसला होता. तोंडात नुसता माउथपीस. नुसत्या माउथपीसमधून एकच सूर निघतो, तोही बदकासारखा. तो डोळे मिटून तेवढाच सूर फुंकत होता आणि दोन्ही हातांची बोटं हवेत चाव्या दाबत होती. आत मुलानं रेडिओ मोठा केला होता.

मला बघून त्यानं माउथपीस धोतराला पुसला. "मागाया आलास व्हय?"

एसटीत सगळं पाठ करून आलो होतो. "न्हाई मामा," मी म्हणालो. "बोलवाया आलो. वाजवाया चला." नऊ वर्षांनी हाताशी आलेली पुढची जागा मी माझ्याच तोंडानं घालवली. परतीच्या गाडीत मला स्वतःचा भयंकर राग आला.

मामा आले. निघताना मुलाला सांगितलं, लातूरला लग्न आहे. खोटं त्यात काही नव्हतं. ते पुढं वाजवत चालले, मी ढोलामागं. हेडक्लार्क इतका खूश झाला की पाण्याचा दुसरा तांब्या मिळाला. वरात संपल्यावर मामांनी माउथपीस काढून खिशात टाकला, बाकीचा सॅक्सोफोन माझ्या हातात दिला आणि एसटी धरली. तीन हंगाम असंच चाललं. सॅक्सोफोन लातूरला राहायचा, तोंड नांदेडहून यायचं. यात काही विचित्र आहे असं आप्पांना कधीच वाटलं नाही.

चौथ्या हंगामात मामांचा मुलगा दारात आला. डोकं भादरलेलं होतं. त्यानं कागदाची पुडी आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी उघडून बघितली. "दावं धाडलं त्यानं," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन बसले. मुलगा उंबऱ्यातच घुटमळला. मग त्यानं मला विचारलं, "कसं वाजवायचे हो ते? आम्ही कधी नीट ऐकलंच न्हाई."

माउथपीसवर मामांच्या दातांच्या दोन खाचा पडलेल्या होत्या. माझे दात त्यांत बसेनात. तरी मी उंबऱ्यात उभा राहून त्याला एक वरातीची धून वाजवून दाखवली, वाईट.

त्या संध्याकाळी वरातीत मी पुढं उभा राहिलो. समोरचा सगळा रस्ता दिसत होता. मला ढोलामागं जायचं होतं.