पेटीवाल्या संघमित्राताई

अमळनेरला बोरी नदीच्या काठच्या वस्तीत देवचंद बिऱ्हाडे यांना सगळे नाना म्हणतात. तेलाच्या गिरणीत कामाला होते तेव्हाही आणि गिरणी बंद पडल्यावरही त्यांची ओळख एकच राहिली: गायन पार्टीचे पेटीवाले. बुद्ध-भीमगीतांचा कार्यक्रम सोनगीरला असो की चोपड्याला, नाना पेटी मांडीशी ओढून बसले की लोक सरसावून बसत.

संघमित्रा त्यांची धाकटी लेक. नवरा एसटीत चालक, सासर गावातच, आणि घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकामाचं दुकान. लहानपणी ती नानांबरोबर कार्यक्रमांना जायची, पण पेटीला हात लावायची तिला परवानगी नव्हती. एकट्या तिलाच नव्हे, कुणालाच नव्हती.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी बोरीला मोठं पाणी आलं. पार्टीचं सगळं सामान विहाराच्या मागच्या खोलीत असायचं. पेटी, ढोलक्या, ॲम्प्लिफायर, माइक. पाणी आत शिरलं आणि ओसरलंही, पण आधी माणसांची घरं सावरायची होती. भिजलेलं धान्य, अंथरुणं, मुलांची दप्तरं. खोलीचं कुलूप काढायला सवड मिळाली तोवर आत उबट वास कोंडला होता. पेटीवर पांढरी-हिरवी बुरशी सायीसारखी धरली होती. ढोलक्यांची कातडी फुगून काळी पडली होती. पार्टीचा मुख्य गायक ललित, त्याने ॲम्प्लिफायर चालतो का ते बघायला घाईघाईत प्लग लावला. आतून धूर निघाला आणि तोही संपला.

नानांनी पेटी घरी नेली. घरात कुणी नसताना त्यांनी ती वरवर पुसली आणि भाता मारला. भात्यात साचलेली बुरशी हवेबरोबर पट्ट्यांच्या फटींतून उसळली ती थेट त्यांच्या तोंडावर. मुळात त्यांना दमा. संध्याकाळपर्यंत श्वास लागला, दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टरीण बाईंनी संघमित्राला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की ती पेटी पुन्हा घरात दिसता कामा नये.

नाना घरी आल्यावर ललित आणि पार्टीतली माणसं भेटायला आली. ललितने अदबीनेच विषय काढला. पेटी आता भंगारात जाऊ द्यावी, कीबोर्ड घ्यावा, हल्ली सगळ्या पार्ट्या तोच वापरतात. त्याचं काही चुकत नव्हतं. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "पेटी फेकानी नही."

मग संघमित्रा म्हणाली, "मी बघते तिचं काय करायचं ते."

तिला कापड कळत होतं, सुई कळत होती. पेटीतलं काहीच कळत नव्हतं. बुरशी उन्हाने मरते एवढं घरोघरच्या बायांना ठाऊक असतं, म्हणून तिने पेटी गच्चीवर नेऊन कडक उन्हात उघडी ठेवली. दुपारी कपडे काढायला वर गेली तर आतली लाकडी फळी तडकलेली. ज्या फळीवर हवेने वाजणाऱ्या पितळी पात्या, म्हणजे सूर, बसवलेल्या असतात तीच. ती तिथेच गच्चीवर बसून रडली. मग डोळे पुसून खाली आली आणि नानांना जे झालं ते सांगितलं. नाना तिच्याकडे वळले. मग म्हणाले, धुळ्याला गिरधर मिस्त्रींकडे जा.

गिरधर मिस्त्री म्हणजे खानदेशातले जुने पेटी बनवणारे. नानांची पेटी त्यांनीच केलेली. पण आता त्यांचा हात कापत होता, काम सोडून ते ओसरीत बसून असत. संघमित्रा नवऱ्याबरोबर एसटीने गोणपाटात नीट गुंडाळलेली पेटी घेऊन पोहोचली. गिरधरआबांनी तडा पाहिला आणि ते रागावले. ओलं लाकूड सावलीत, वाऱ्यावर, सावकाश वाळवायचं असतं, उन्हात घातलं की ते एकदम आकसतं आणि फाटतं. रागावून झाल्यावर त्यांनी तिचे हात पुढे करायला सांगितले. सुई टोचून टोचून निबर झालेली बोटं त्यांनी पाहिली. "माझ्याच्याने होणार नाही," ते म्हणाले. "मी तोंडाने सांगतो. तू करशील?"

तिने होकार दिला आणि त्याच दिवशी शिकायला सुरुवात केली.

मग दुकान बंद असेल त्या दिवशी ती धुळ्याची गाडी धरू लागली. उरलेलं काम विहाराच्या अंगणात, कडुनिंबाखाली, नाकातोंडावर मास्क बांधून. आधी कोरड्या ब्रशने बुरशी झाडायची, तीही वारा आपल्यापासून दूर वाहत असेल तेव्हा. आतलं कोरं लाकूड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं. बाहेरून मात्र स्पिरिट लावायचं नाही, नाहीतर लाखेचं पॉलिश सुटून येतं. तिथे पाणी घातलेलं व्हिनेगर, आणि लगेच कोरडं फडकं. पितळी सूर एकेक काढून त्याच क्रमाने पुठ्ठ्यावर ठेवायचे. त्यांच्यावरचा हिरवा थर मऊ ब्रशने काढायचा, खरवडायचा नाही, कारण पितळ जरा जरी घासलं गेलं तरी सूर बदलतो.

भाता वाचणार नव्हता. पुठ्ठा आणि कातडं एकदा बुरशीने धरलं की ते फेकावंच लागतं. आबांनी ते सांगितलं तेव्हा संघमित्राला पहिल्यांदा हायसं वाटलं. घड्या घालणं, कापणं, जोडणं हे तिचं होतं. पहिला भाता तिने उत्साहाने केला आणि त्याच्या कोपऱ्यातून हवा सुटू लागली. तिने तो उसवला. दुसऱ्या खेपेस कोपऱ्याचं कातडं कडेला सोलून पातळ केलं, जसं ती कोटाच्या कॉलरची शिवण जाड होऊ नये म्हणून आतला थर कापते तसं. हे आबांनी सांगितलं नव्हतं. तो भाता हाताळून पाहताना त्यांनी कोपऱ्यावरून अंगठा पुन्हा पुन्हा फिरवला आणि विचारलं, हे कुठून आणलंस?

तडकलेल्या फळीत त्याच जातीच्या लाकडाची पाचर बसली. पट्ट्यांखाली नवं फेल्ट, म्हणजे लोकरीचं जाड मऊ कापड, लागलं. थंडी सरत आली तेव्हा पेटी बंद झाली, म्हणजे तिची सगळी अंगं पुन्हा आपापल्या जागी बसली.

नानांना तिने तेव्हाही हात लावू दिला नाही. पट्ट्यांवर पांढरंशुभ्र ओलं फडकं अंथरून तिने कितीतरी वेळ भाता मारला, सगळ्या पट्ट्या आळीपाळीने दाबून. फडकं उचलून उजेडात धरलं. एक ठिपका नव्हता. मग तिने पेटी आबांकडे नेली. त्यांनी कापऱ्या बोटांनी प्रत्येक सूर ऐकला, दोन ठिकाणी मान हलवली आणि ते दोन सूर तिच्याकडून नीट करून घेतले. शेवटी त्यांनी खिशातली पेन्सिल काढली. पेटीच्या आत, झाकणाखाली, त्यांनी कधीकाळी लिहिलेलं स्वतःचं नाव पुसट उरलं होतं. "याच्या खाली तुझं लिही," ते म्हणाले. ती वडिलांचं नाव लिहायला लागली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं. "काम ज्याचं, नाव त्याचं."

तिने संघमित्रा असं लिहिलं, नीट शाळेतल्यासारखं.

एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम सोनगीरला होता. नाना बारीक झाले होते, पण डॉक्टरीण बाईंची परवानगी होती. ललितने कीबोर्ड घेतलेला होता, तरी मंचाच्या मध्ये त्याने स्वतःच्या हाताने पेटी मांडली. नानांनी भाता उघडला, पहिला सूर धरला आणि डोळे मिटले. पेटी पूर्वीपेक्षा भरदार बोलत होती. समोरच्या म्हाताऱ्यांच्या ते लगेच ध्यानात आलं. पहिलं गाणं संपल्यावर कुणीतरी खालून ओरडून विचारलं, नाना, नवी पेटी घेतली का?

नानांनी माइक ओढून घेतला. ते कार्यक्रमात कधी बोलत नसत.

"पेटी जुनीच शे," ते म्हणाले. "हाई बठ्ठं मनी आंडेरनी करेल शे." म्हणजे, हे सगळं माझ्या लेकीने केलंय. बायकांच्या रांगेत बसलेल्या संघमित्राकडे त्यांनी हात केला आणि ती उभी राहीपर्यंत तो खाली घेतला नाही. टाळ्या वाजत राहिल्या. तिने पदर सावरला नाही, मान खाली घातली नाही. ताठ उभी राहून तिने सगळीकडे पाहून घेतलं.

आज तिच्या दुकानात शिलाई मशीन एका बाजूला सरकलं आहे. वरणगावच्या शाळेची गळक्या छताखाली भिजलेली पेटी येते, भजनी मंडळांच्या येतात, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतूनही माणसं गोणीत गुंडाळून घेऊन येतात. धुळ्याहून गिरधरआबा आपल्याकडे आलेली गिऱ्हाइकं अमळनेरचा पत्ता देऊन पाठवतात. मागच्याच महिन्यात पारोळ्याहून दोघे आले. दारात उभं राहून त्यांनी आत पाहिलं आणि तिला विचारलं, पेटीवाले मिस्त्री कुठे भेटतील?

संघमित्राने हातातला ब्रश खाली ठेवला.

"या, बसा," ती म्हणाली. "मीच."