साडूभाऊ आणि बंद खोकी

चालू वस्तू बंद पाडण्यात आमच्या साडूभाऊंचा हात धरील असा माणूस परभणी जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. वस्तू बिघडलेली असावी अशी त्यांची अट कधीच नसे. ती बरी चालते आहे, एवढा संशय त्यांना पुरायचा. आमच्याकडे आले की चहा येईपर्यंत त्यांचा हात शर्टाच्या खिशातल्या टेस्टरकडे जाई. "बघू तरी, आत काय हाय," म्हणत, आणि चहा येतो न येतो तोच आमचा मिक्सर वर्तमानपत्रावर पसरलेला असे. परत जोडताना दोन-तीन स्क्रू हटकून उरत. "कंपनीवाले उगंच जास्तीचे लावतात," असे सांगून ते शांतपणे खिशात टाकत. एकदा एका लग्नात मंगलाष्टकं मधेच गप्प झाली. हातात अक्षता घेऊन सगळे भटजींकडे बघू लागले, तर साडूभाऊ मांडवामागे अँप्लिफायर खोलून बसलेले. नवरदेव त्यांचाच पुतण्या होता. माझी थोरली मेहुणी तर टीव्हीचा रिमोट ज्वारीच्या कोठीत लपवायची. "पाहुणे," ती मला म्हणाली, "ह्यांच्या तावडीतून फक्त देव्हाऱ्यातले देव सुटले. त्यांना स्क्रू न्हाईत म्हणून."

हा माणूस वालूरकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा, आणि तिथे मात्र या खोडीचं सोनं व्हायचं. शाळेतला पंखा, घंटा, पाण्याची मोटार, सगळं त्यांनी मुलांसमोर खोललं होतं. त्यातलं बरंचसं पुन्हा चालूही झालं. "उघडून बघितल्याबिगर कुणाचं खरं मानायचं न्हाई. माझंबी न्हाई," हे त्यांचं वर्गातलं ठरलेलं वाक्य होतं.

नोकरीच्या अखेरीअखेरीस त्यांच्या शाळेला रोबोटिक्सची प्रयोगशाळा मंजूर झाली. मोटारी, चाकं, सेन्सर, तारा यांनी भरलेली खोकी आली, तेव्हा साडूभाऊंनी मला फोन केला तो एखाद्याला नातू व्हावा तशा आवाजात. खिचडीचे तांदूळ ठेवायची पत्र्याची खोली त्यांनी रिकामी करून घेतली, स्वतः चुना दिला, मोडक्या बाकांची टेबलं केली. वायरिंगही स्वतःच केलं आणि आश्चर्य म्हणजे दिवे लागले. मग हेडमास्तर म्हणाले, "साहेबांच्या हातानं फीत कापल्याशिवाय खोक्यांना हात लावायचा न्हाई बरं का, सर." मला वाटलं, संध्याकाळपर्यंत सगळी खोकी वर्तमानपत्रावर पसरलेली असणार. पण साडूभाऊंनी खोलीला कुलूप घातलं, आणि एका खोक्याची चिकटपट्टीसुद्धा काढली नाही. मी त्यांना छेडलं, तर म्हणाले, "जिंदगीभर चोरून खोलत आलो आन् शिव्या खाल्ल्या. ही एक गोष्ट इज्जतीनं खोलू द्या. चार लोकांसमोर."

मग शिक्षणाधिकारी साहेबांच्या तारखा सुरू झाल्या. एकदा मांडव घातला आणि साहेब आले नाहीत. मग आचारसंहिता लागली, मग साहेबांचीच बदली झाली, नवे साहेब स्थिरस्थावर होईतो उन्हाळा लागला. दरवेळी मुली स्वागतगीत बसवत, आणि साडूभाऊ दाराला नवी फीत बांधत. तोवर खिडकीबाहेर मुलांना उभं करून, कुठल्या खोक्यात काय आहे ते बोटानं दाखवत. दहावीतली एक उंचशी मुलगी रोज विचारायची, "सर, ह्यातली गाडी खरंच आपली आपण चालती का?" "चालती की. फीत कापली की दावतो," हे म्हणायचे. ती मुलगी दहावी होऊन गेली, आणि मग साडूभाऊही निवृत्त झाले.

पुढच्या उन्हाळ्यात एकदाचं उद्घाटन ठरलं. साडूभाऊंना शाल-श्रीफळासाठी बोलावलं होतं, मीही सोबत गेलो. खोकी आदल्या दिवशी नव्या मास्तरांनी उघडली होती. छोट्या गाडीनं ताटलीतली कात्री साहेबांपर्यंत न्यायची, असा बेत होता. नव्या मास्तरांनी बटण दाबलं. गाडी जागची हलली नाही. तापलेल्या पत्र्याखाली पडून पडून सेल फुगले होते. साडूभाऊ शाल सावरत उठले, टेस्टर काढला, आणि हेडमास्तरांना हळूच म्हणाले, "खोलू का?" उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाची परवानगी मागितलेली मी ऐकली नव्हती. "राहू द्या सर, साहेबांना पुढं जायचंय," हेडमास्तर म्हणाले. कात्री हातानं दिली गेली, फीत कापली, टाळ्या झाल्या. साडूभाऊ खाली बसले. मला फार वाईट वाटलं.

परतताना एस.टी.त त्यांनी शाल घडी करून पिशवीत टाकली. मग म्हणाले, "ती पोरगी रोज विचारायची, खरंच चालती का. उघडून बघायचं मीच शिकवलं, आन् तिला नुसती फीत दावली." थोड्या वेळानं म्हणाले, "किल्ली माझ्याच खिशात होती की हो."

हल्ली ते आमच्याकडे येतात, चहा घेतात, गप्पा मारतात. आमचा पंखा महिनाभर कुरकुरतो आहे. परवा मी मुद्दाम म्हटलं, "साडूभाऊ, बघा बरं जरा." त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "फिरायलाय की. फिरू द्या." आता आमच्या घरात सगळ्या वस्तू चालू असतात, मिक्सरचे सगळे स्क्रू जागच्या जागी असतात, आणि मला ते मुळीच आवडत नाही.