बेरीज जुळलेली चूक

हेस्टर डंकलला दुसऱ्यांच्या चुका सापडल्या की अन्न गोड लागे. ओहायो नदीकाठच्या आमच्या गावात चिनी मातीच्या भट्ट्या होत्या, तीन चर्च होती आणि हेस्टर एकच होती. जमिनीच्या नोंदी उतरवायची नोकरी संपल्यावर तिने बेसबॉलचे जुने आकडे तपासायला घेतले. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणाचा फटका भलत्याच्या नावावर पडला, कुणाची धाव दोनदा मोजली गेली, हे ती जुन्या वर्तमानपत्रांतून हुडकून काढी आणि नोंदी राखणाऱ्या समितीला कळवी. समितीचा छापील अर्ज असे. त्याला पुराव्याच्या अख्ख्या पानाची प्रत जोडायची, आणि शेवटी एक ओळ भरायची: चुकीचं कारण. चारशेच्या वर अर्जांत तिने तिथे एकच शब्द लिहिला होता, नजरचूक. माणूस दमतो, डोळा एक ओळ खाली घसरतो. मुद्दाम कोणी वाईट करत नाही, असं ती म्हणे. आम्हाला ते तेव्हाही भाबडं वाटायचं.

तिची शेजारीण लव्हीना व्हॉस्लर दर शनिवारी पिठाचा डबा घेऊन तिच्याकडे यायची, कारण लव्हीनाच्या घरात चाळणी नव्हती.

"काय गं, आज कुठल्या मेल्याची धाव कापलीस?"

"कापली नाही. ज्याची त्याला दिली."

"मेल्यांना दे सावकाश. मला आधी कॉफी दे."

चाळणी का नव्हती ते गावाला ठाऊक होतं. १९२१ साली हंगामाचा शेवटचा सामना परगावी झाला. गावाने तो पाहिला नाही, वाचला. वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर तारेने आलेला तक्ता लागला आणि त्यात लव्हीनाच्या बापापुढे, शॉर्टस्टॉपच्या जागी क्षेत्ररक्षण करणाऱ्या एमेट व्हॉस्लरपुढे, चुकांच्या रकान्यात एक होता. चेंडू पायांतून निसटला आणि हातातलं विजेतेपद गेलं. एमेट सांगत राहिला, "अरे, तो चेंडू माझ्याकडे आलाच नव्हता." पण संघातले बाहेरगावचे खेळाडू तिथूनच आपापल्या घरी पांगले होते, आणि त्याच्या शेजारी खेळणारा रॉय टॅकेट, गावातलाच, मूग गिळून बसला. लोकांनी एमेटच्या दाराला चाळण्या टांगल्या. चाळणीत काही थांबत नाही, म्हणून. सहा नोव्हेंबरला नऊ वर्षांची लव्हीना भट्टीवर बापाचा डबा घेऊन गेली तेव्हा तो तुळईला लटकत होता.

तो तक्ता तारेने धाडणारा माणूस म्हणजे हेस्टरचा बाप, ऑरिन डंकल. संघाबरोबर जायचा, वहीत सामना टिपायचा, गावी तार द्यायचा. त्याच्या साऱ्या वह्या हेस्टरकडे होत्या, फक्त त्या सालची नव्हती. ती पुरात गेली, असं तो मरेपर्यंत सांगत असे.

१९७८च्या वसंतात हेस्टरचा भाऊ वारला आणि त्याच्या बायकोने ऑरिनचं एक खोकं पाठवून दिलं. वही त्यात होती, कोरडी ठणठणीत. शेवटच्या सामन्याचं पान तिने उघडलं. चूक टॅकेटची होती. तक्त्यात टॅकेटच्या खालीच व्हॉस्लरची ओळ. तार देताना तो एकचा आकडा खाली घसरला होता. संघाच्या नावावर चूक एकच, बेरीज जुळत होती, म्हणून कुणाला शंकाच आली नाही.

"नजरचूक," हेस्टर एकटीच मोठ्याने म्हणाली. लव्हीनाला तिचा बाप परत मिळणार होता. चौसष्ट वर्षांची बाई आनंदाने रडली.

मग तिने समास पाहिला. वर्तमानपत्राचं कात्रण तिथे चिकटवलेलं होतं, लाल शाईने तो एकचा आकडा खोडून वरच्या ओळीत घातला होता, आणि खाली बापाच्या अक्षरात सही आणि तारीख. दोन नोव्हेंबर, १९२१.

त्या परगावच्या वर्तमानपत्राचे जुने अंक केव्हाच जळाले होते. एमेटला सोडवणारा कागद जगात हा एकच. ग्रंथालयातल्या यंत्रावर हेस्टरने पान ठेवलं आणि समास आत दुमडला. प्रत स्वच्छ आली. मग दुमड उलगडून तिने दुसरी प्रत काढली.

शनिवारी लव्हीना आली तेव्हा तिने अख्खं पान पुढे ठेवलं. लव्हीना ओळीखाली बोट धरून वाचत गेली.

"म्हणजे बाबा खरं बोलत होते."

"हो."

"आई मरेपर्यंत म्हणायची गं, कबूल केलं असतं तर लोक विसरले असते." बोट समासापाशी आलं. "आणि ही तारीख?"

"त्या दिवशी माझ्या बाबांना कळलं."

लव्हीनाने चार दिवस बोटांवर मोजले, पुन्हा मोजले.

"तुझ्या बाबांनी शवपेटीला खांदा दिला होता," ती म्हणाली. "मला पेपरमिंट दिली होती त्यांनी. मी खाल्ली."

लव्हीनाने पिठाचा डबा उचलला, न चाळताच, आणि दारात थांबली.

"अर्ज धाड तू. सगळं पान धाड."

त्यानंतरच्या शनिवारी ती आली नाही. पुढेही नाही.

हेस्टरने अर्ज भरला. शेवटच्या ओळीत सवयीने नजरचूक लिहिलं, मग खोडलं. जागा कमी होती, म्हणून बारीक अक्षरात लिहिलं: तार देणाऱ्याला चूक कळली तेव्हा व्हॉस्लर जिवंत होता. तार देणारा माझा बाप. तो गप्प बसला.