बहुतेककाका आणि गोडदेवची टाचणी

‘मला नक्की माहीत नाही’ हे वाक्य काकांइतक्या ताठ मानेनं म्हणणारा दुसरा माणूस अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये सापडणार नाही, असं मला वाटतं. आमच्या रविवारच्या किडे बघणाऱ्या गटात त्यांना सगळे बहुतेककाका म्हणतात. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झाले. दुकानदारांचे तराजू तपासण्यात सगळी नोकरी गेली, आणि तपासायला तराजू उरले नाहीत तेव्हा ते किड्यांकडे वळले. कुठलाही किडा दाखवा, काका आधी चष्मा कपाळावर चढवतात, मग दुखऱ्या गुडघ्यांना सांभाळत हळूहळू वाकतात, आणि मग बराच वेळ काहीच होत नाही. तोवर बाकीच्यांचे फोटो काढून होतात, मोबाइलला नाव विचारून होतं, ते गटावर टाकून होतं, कुणीतरी चहासुद्धा घेऊन येतं. मग काका सरळ होतात आणि म्हणतात, “ढालकिडा. बहुतेक.” ही सवय किड्यांपुरती राहिलेली नाही. बसस्टॉपवर कुणी विचारलं, “काका, ही काशीमिऱ्याला जाते ना?” तर पाटी समोर दिसत असूनही “बहुतेक.” रविवारी येताय ना म्हटलं तरी “बहुतेक,” आणि रविवारी सगळ्यांच्या आधी हजर असायचे. काकू सांगतात, बघण्याच्या कार्यक्रमानंतर मुलगी पसंत आहे का विचारलं तेव्हाही यांनी हेच उत्तर दिलं होतं. “अजून नक्की केलेलं नाही,” असं त्या चहा देता देता म्हणतात, आणि काका खाली मान घालून कप शोधतात.

एकदा तुरीच्या डाळीत त्यांना भुंगेरे सापडले. पिशवी घेऊन ते वाण्याकडे गेले. वाणी बिचारा ओशाळला. म्हणाला, “अंकल, सॉरी हां, बदल के देता हूँ.” काका म्हणाले, “नहीं नहीं, बदलना नहीं है. इसमें तीन ही निकले. और है क्या?” तेव्हापासून तो वाणी काकांना लांबून बघितलं की डाळीच्या गोणीपुढे उभा राहतो.

माझं त्यांच्याशी जमलं ते मात्र याच सवयीमुळे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करतात. मी प्राणिशास्त्र घेतलंय हे त्यांना अजून नीट सांगता येत नाही. विचारलं की ते “सायन्सला आहे” म्हणतात. कॉलेजात एखादी गोष्ट माहीत नसली की मला कानापर्यंत गरम व्हायचं. गटात पहिल्यांदा गेले तेव्हा सगळ्यांकडे मोठमोठे कॅमेरे, सगळ्यांच्या तोंडी लॅटिन नावं. मी मागे मागे चालत होते. काकांनी एका पानाकडे बोट दाखवून मला विचारलं, “काय दिसतंय?” मी म्हटलं, “नाव नाही माहीत.” ते म्हणाले, “नाव कुठे विचारलं? दिसतंय काय ते सांग.” मी घाबरत सांगितलं की मुंगी आहे, पण तिला पाय आठ आहेत. काका खूश झाले. “मग मुंगी कशी? कोळी आहे तो. मुंगीचं सोंग घेतलंय त्यानं. आता कुठला कोळी, ते मला नक्की माहीत नाही.” माहीत नसणं इतकं साधं असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

गट कधी घोडबंदरला जायचा, कधी चेण्याच्या ओढ्यावर. पण गुडघ्यांमुळे काकांना तेवढं चालवत नसे. त्यांची हक्काची जागा एकच होती, गोडदेवला त्यांच्या बिल्डिंगच्या मागचं डबकं. चारी बाजूंना इमारती, मध्ये लव्हाळ्यानं भरलेलं पाणी, कडेला कुणीतरी फेकलेलं कमोड. तिथे टाचण्या असत. टाचणी म्हणजे चतुराचीच जात, पण सुईसारखी बारीक. एका रविवारी काकांना तिथे एक निराळीच मादी दिसली. मोबाइलनं लगेच एका दुर्मीळ टाचणीचं नाव सांगितलं. त्याच सुमारास डबकं बुजवून तिथे जॉगिंग ट्रॅक होणार अशी बातमी आली होती. गट चालवणाऱ्या ताईंना वाटलं, देवच पावला. त्यांनी खटपट करून पालिकेच्या एका साहेबांना डबकं बघायला बोलावलं.

साहेब चांगले होते. नाकाला रुमाल न लावता पाण्यापर्यंत आले. म्हणाले, “हे बघा, इथे दुर्मीळ किडा आहे असं जाणकारानं ठामपणे सांगितलं, तर मी वर बोलू शकतो.” ताईंनी काकांना पुढे केलं.

“काका, तो किडा इथे आहे ना?” साहेबांनी विचारलं.

“बहुतेक,” काका म्हणाले.

“बहुतेक म्हणजे आहे की नाही?”

“मादी दिसलीय, साहेब. अगदी अशीच मादी आणखी एका साध्या जातीची असते. नर दिसला तर त्याच्या शेपटीच्या टोकाचे चिमटे बघून सांगता येतं.”

“मग नर कधी येणार?” साहेब म्हणाले. दोघं-तिघं हसले.

ताई हळूच म्हणाल्या, “काका, प्लीज. नुसतं हो म्हणा. जागा तुमचीच जातेय.”

काकांनी पाण्याकडे बघितलं. मला वाटलं, म्हणतील. ते म्हणाले, “आज न बघितलेलं बघितलं म्हटलं, तर पुढच्या डबक्याच्या वेळी आपलं कोण ऐकेल?”

दिवाळीनंतर भराव पडला. आता तिथे लाल-करडे पेव्हर ब्लॉक आहेत, आणि संध्याकाळी माणसं गोल गोल चालतात. ताई बरेच दिवस काकांशी बोलल्या नाहीत. काकांनी हो म्हणायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. ते रविवारी गॅलरीत बसतात, आणि गटातले लोक त्यांना आता फक्त फोटो पाठवतात.

गेल्या महिन्यात चेण्याच्या ओढ्यावर मला त्या दुर्मीळ टाचणीचा नर मिळाला. चिखलात पालथी पडून मी चारी बाजूंनी फोटो काढले आणि तशीच मळक्या कपड्यांनी काकांकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला. “चिमटे स्वच्छ दिसतायत. तोच आहे.”

“म्हणजे आपल्याकडची ती तीच होती ना, काका?”

“चेण्याचा नर चेण्याचा,” ते म्हणाले. “त्यावरून गोडदेवच्या मादीचं काही ठरत नाही. पुढच्या पावसाळ्यात परत बघायला हवी होती.”

काकू आत निघून गेल्या. काकांनी तो फोटो पुन्हा एकदा मोठा करून बघितला. मग त्यांनी विचारलं, “रिक्षा कुठपर्यंत जाते गं तिथे?”

“अगदी जवळ जाते.”

“आणि पाण्याजवळ बसायला काही आहे?”

“दगड आहे, काका. सावलीत.”

“बघितलास ना?”

मी हो म्हटलं. खरं तर मी तिथे टाचणीशिवाय काहीच बघितलं नव्हतं. येत्या शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी एकटीच चेण्याला जाऊन येणार आहे. सावलीत एखादा दगड असेलच. नसला तर जवळपासचा एखादा सरकवता येईल.