विहिरीजवळचा हिरवा

दादाला माझं चित्र आवडलं, तिथेच सगळं बिघडलं.

चित्र आमच्या लोणी काळभोरच्या शेताचं. म्हणजे एके काळी आमच्या असलेल्या शेताचं. ते मागितलं आईने. आई दादाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे असते, मार्केट यार्डाजवळच्या त्याच्या फ्लॅटमध्ये. गुडघ्यांमुळे हल्ली तिचा प्रवास खोलीपासून गॅलरीपर्यंतच. एका रविवारी मला म्हणाली, "तू त्या पाटीवर डोंगर काढत बसतोस ना, मग एकदा आपलं रान काढ. समोरच्या भिंतीवर लावू. नुसती भिंत बघून कंटाळा आला."

पाटी म्हणजे मुलीचा जुना टॅब्लेट. तिने नवा घेतला, जुना मला मिळाला, आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी निसर्गचित्रकार झालो. माझी सगळी चित्रं राखाडी. कुणी विचारलंच तर मी रुबाबात सांगायचो, आधी उजेड-सावली पक्की करायची, मग रंग. शिकलेसवरलेले चित्रकारही असंच करतात. ते खरंच आहे. फक्त माझ्याकडे 'मग रंग' हा भाग कधी आलाच नव्हता. रंगांची मला भीती वाटते. मोजेसुद्धा मी बायकोला विचारून घालतो.

तर रान काढलं. बांध, मधोमध विहीर, विहिरीवरची एकुलती एक बाभूळ, मागे टेकडीची कड. सगळं राखाडी. दादा काही कामाने आमच्याकडे नारायण पेठेत आला होता, त्याला दाखवलं.

"वा!" तो म्हणाला. दादाच्या तोंडून 'वा' मी त्याआधी फक्त आमरसासाठी ऐकला होता. "अगदी तंतोतंत. असंच होतं. दगड, धूळ, सगळं वाळलेलं. लोक उगाच गळे काढतात, शेत विकलं, शेत विकलं. त्यांना म्हणावं, बघा काय होतं ते."

लोक म्हणजे मी.

शेत विकायचं दादाने ठरवलं होतं. जिरायत आहे, खडकाळ आहे, वाटेकरी म्हातारा झाला, आता बघणार कोण, हे त्याने एका दमात सांगितलं. वाटणी चोख झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार 'जिरायत' ह्या शब्दाबद्दल. पावसावर जगतं ते जिरायत. मधोमध विहीर असलेलं रान जिरायत कसं? पण हे मी तेव्हा बोललो नाही. सहीच्या वेळी पेन नीट उमटत नाही म्हणून कुरकुर केली, एवढाच काय तो माझा विरोध. पुढची सहा वर्षं मात्र प्रत्येक लग्नात आणि बारशात, कुणी विचारलेलं नसताना, आमचं रान किती हिरवंगार होतं ते मी सांगत फिरलो. दादाच्या कानावर जाईल अशा बेताने.

"दादा, ते काळं-पांढरं आहे," मी म्हणालो. "रंग भरायचाय अजून."

"मग वाळलेला भर."

"हिरवा येणार आहे त्यात."

"कुठून येणार?"

"विहिरीतून."

त्याने कप बशीत ठेवला. जरा जोरातच. "हे बघ, आईची खोली असली तरी भिंत माझी आहे. माझ्या भिंतीवर खोटं लागणार नाही. आहे तसं देत असशील तर उद्या खिळा मारतो."

"खिळा मारून ठेव," मी म्हणालो.

तो गेल्यावर बायको म्हणाली, "आता भरा रंग. मोजे नाहीयेत हे."

रंग भरायची रीत ऐकायला सोपी आहे. राखाडी चित्रावर एक पारदर्शक थर टाकायचा आणि त्याला बजावायचं, की बाबा, खालचा उजेड-अंधार तसाच ठेव, तू फक्त रंग दे. मी थर टाकला, हिरवा निवडला आणि बांधापासून बांधापर्यंत फासला. पाच मिनिटांत शेत तयार! बायकोला हाक मारली.

"अहो," ती म्हणाली, "ह्याला सलाईन लावा."

खरंच आजारी दिसत होतं. राखाडीवर हिरवं पांघरूण घातलेलं, आणि खालून राखाडी कण्हतंय. मी म्हणालो, हिरवा तर बरोबर आहे. ती म्हणाली, "साडी दुकानाच्या दाराशी नेऊन का बघतात? आतला हिरवा आणि उन्हातला हिरवा एक असतो का? तुम्ही सगळीकडे दुकानातला हिरवा फासलाय."

तीस वर्षं तिच्याबरोबर साड्यांच्या दुकानात जाऊन मी पिशव्या धरल्या. ती दाराशी का जाते हे मला त्या दिवशी कळलं. मग ती शेजारी बसली. ऊन पडलंय तिथे पोपटी, त्याच्या कडेला मेंदी, सावलीत मोरपंखी, बाभळीखाली शेवाळी. आमच्या शेतात तिच्या कपाटातल्या निम्म्या साड्या उतरल्या. चार संध्याकाळी गेल्या आणि शेताला धुगधुगी आली.

एकदा खात्री करावी म्हणून लोणीलाही जाऊन आलो. तिथे आता लग्नाचं लॉन आहे. भर उन्हात पाण्याचे फवारे फिरत होते. आमच्या ताब्यात असताना ते रान इतकं हिरवं कधीच नव्हतं, हे मला तिथे उभं राहून मान्य करावं लागलं. गेटवरच्या माणसाने विचारलं, "कुनाचं लगीन हाय?" मी म्हणालो, रंग बघायला आलोय. "गुलाबी लई चालतोय," तो म्हणाला.

घरी आलो आणि विहिरीजवळच्या पट्ट्यात आणखी हिरवा घातला. लपवण्यात अर्थ नाही. आता मी आठवून रंग भरत नव्हतो, दादाला झोंबेल असा भरत होतो. जिथे आठवत नव्हतं तिथे जास्त.

मोठी प्रिंट काढली, फ्रेम केली, आणि पुढच्या रविवारी दादाकडे नेली. खिळा मारलेला होता. दादाने कागद सोडला आणि चित्र हातभर लांब धरलं.

"हे कुठलं? महाबळेश्वर?"

"लोणी."

"मग धबधबा का राहिला?"

"विहीर पुरे होती."

"विहिरीला मार्चनंतर पाणी नसायचं."

"चित्र मार्चचं नाहीये."

"कधीचं आहे मग?"

वहिनी मध्ये पडल्या, "रंग छान आलेत हो भाऊजी."

"छान आहेत आणि खोटे आहेत," दादा म्हणाला. "सहीच्या वेळी तोंड उघडलं नाहीस. आता माझ्याच भिंतीवर मला चोर लिहून द्यायला आलास. येणारा-जाणारा बघेल आणि म्हणेल, असलं सोन्यासारखं रान ह्याने विकलं."

"तू उघडू दिलंस का तोंड?"

"मी धरलं होतं का ते?"

"इकडे आणा," आई पलंगावरून म्हणाली.

तिने चष्मा लावला, चित्र मांडीवर घेतलं. बराच वेळ बघत होती. मी दादाकडे विजयी नजरेने बघायची तयारी करत होतो. मग तिने विहिरीजवळच्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"इथे काय पेरलंय?"

"म्हणजे... हिरवं," मी म्हणालो. "असंच."

"असंच हिरवं काही उगवत नाही. शाळू निळसर दिसतो. हरभरा लांबून राखट दिसतो. हा कशाचा हिरवा?"

दादा हसला. हसला म्हणजे नाकातून हवा सोडली, आमच्याकडे तेवढंच हसतात.

"तू कशाला हसतोस?" आई त्याच्याकडे वळली. "तुला माहितीये? तुमचे वडील गेल्यावर वीस वर्षं दर शनिवारी मी बसने जात होते. हुरड्याला तेवढे यायचात दोघं. हा पट्टा मी वाटेकऱ्याच्यासुद्धा हातात दिला नाही. इथलं तुम्ही दोघांनी खाल्लंय. बोला, काय होतं?"

सहा वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघं एका बाजूला होतो आणि दोघंही जमिनीकडे बघत होतो.

"सांग ना, आई," मी म्हणालो. "बदलतो मी. पाच मिनिटांचं काम आहे."

"विकताना विचारलंत? एकाने ठरवलं, एकाने सही केली. आणि आता रंग मी सांगायचे?" तिने चित्र माझ्या हातात दिलं, चष्मा काढला. "घेऊन जा. खिळा मारलाच आहे, तर त्याला माझी औषधांची पिशवी अडकवा."

दादा खाली पार्किंगपर्यंत आला. सोडायला नव्हे, चित्र खरंच परत जातंय ना हे बघायला, असं मी धरून चाललो. मी चित्र स्कूटरला टेकवून उभं केलं.

"मेथी असेल," तो म्हणाला.

"मेथी मंडईतून यायची. मीच आणायचो."

"मग वांगी."

"तू वांगी खातोस का? दोघांनी खाल्लंय म्हणाली ती."

"लसूण?"

"इतका उंच?"

"उंच तू काढलायस. तिने नाही."

हे बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. "मग वर जाऊन विचार ना. थोरला तू आहेस. ठरवणारा तू."

"सही करणारा तू. तू विचार."

दोघांपैकी कुणीही जिन्याकडे पाऊल टाकलं नाही. मी चित्र पायांशी उभं धरलं आणि स्कूटर सुरू केली. फाटकाशी पोचलो तोच मागून तो ओरडला, "घेवडा!"

घेवडा असू शकतो. बहुतेक घेवडाच. पण मी मागे वळून बघितलं नाही.